सूट लपवणारा माणूस

जून संपत आला की आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवणं बंद होतात. ताटं मांडीवर येतात आणि टेबलावर येतात लोकांचे फॉर्म सोळा, पासबुकांच्या झेरॉक्स, विम्याच्या पावत्या आणि माझा लॅपटॉप. बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीला आणि गल्लीबाहेरच्याही बऱ्याच जणांना ठाऊक आहे, की मॅडम इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून देतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीस वर्षं बुक-कीपिंग शिकवते आहे. रिटर्नची फी घेत नाही. फी घेतली असती तर लोकांनी मला ऐकवलं असतं. घेत नाही म्हणून मी त्यांना ऐकवते.

काम मात्र चोख करते, आणि हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. कायद्यात बसणारी एकही सूट माझ्या हातून सुटत नाही, आणि न बसणारी मी कोणाच्या बापाला घालू देत नाही. दोनदा खोट्या देणगीच्या पावत्या आणणाऱ्यांना चहासुद्धा न देता दारातून परत पाठवलं आहे.

येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो. खुर्चीवर टेकायच्या आत विचारतात, "मॅडम, किती येईन परत?" मी दरवर्षी तेच समजावते. अहो, रिफंड म्हणजे लॉटरी नव्हे. पगारातून जास्तीचा टॅक्स कापला गेला, तो परत येतो. तुमचेच पैसे तुम्हाला मिळतात. सगळे मान डोलावतात आणि रिफंड आला की पेढे आणतात. उलट एखाद्याला म्हटलं, "तुमचा टॅक्स कमी कापलाय, चार हजार भरावे लागतील," की त्याचा चेहरा असा होतो जणू मीच त्याचा खिसा कापला. रक्कम केवढी का असेना, यायची म्हटली की माणूस खुलतो आणि जायची म्हटली की आंबतो.

या सगळ्या जगात उलट्या बाजूनं चालणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्याच घरात होता. माझे बाबा.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून माझ्याकडे राहतात. त्यांच्या पेन्शनमधून बँक टॅक्स कापते, पण पोस्टातल्या ठेवींच्या व्याजावर काही कापलं जात नाही, म्हणून दरवर्षी जुलैत त्यांना थोडे पैसे स्वतः भरावे लागत. कधी अडीच हजार, कधी सहा. त्या दिवसाची ते वाट पाहत. इस्त्रीवाल्याकडून पांढरा शर्ट आणायचा, खिशाला पेन लावायचं, चेकबुक घ्यायचं आणि बँकेच्या खिडकीवर उभं राहून चलान भरायचं. शिक्का मारलेली प्रत हातात आली की घडी न घालता फोल्डरमध्ये ठेवायची. येताना पाव किलो गोरसपाक, म्हणजे आमच्याकडची तुपातली बिस्किटं, आणायचा आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवायचा. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला उशीर झाला असेल, पण या गोरसपाकाला कधी नाही.

एका वर्षी मी म्हटलं, उन्हातान्हात कशाला जाता, आणि त्यांचा चहा संपायच्या आत मोबाइलवरून पैसे भरून टाकले. त्यांनी कप खाली ठेवला. "शिक्का कुठं हाय?" म्हणाले. मी स्क्रीन दाखवली. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढल्या वर्षापासून मी निमूटपणे चलान छापून हातात द्यायला लागले.

इथवर कोणीही म्हणेल, म्हातारा माणूस आहे, सवय आहे. पण खरी गंमत वेगळी होती. बाबा सूट लपवायचे. लोक उत्पन्न लपवतात हे मला माहीत आहे, ते शोधून काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण आरोग्य विम्याची पावती टॅक्स कमी होईल म्हणून दडवून ठेवणारा माणूस कोणी पाहिलाय? जुलैत विचारावं तर म्हणत, "सापडून नाई राह्यली बाई. जाऊ दे." आणि ऑगस्टमध्ये ती मला भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे मिळे. एकदा चष्म्याच्या जुन्या डबीत चार घड्या घातलेली सापडली. मी डबी त्यांच्यासमोर आपटली तर शांतपणे म्हणाले, "अरे वा, सापडली काय!"

मी हे सगळं वय झालं म्हणून सोडून देत आले. या वर्षापर्यंत.

या वर्षी नियम बदलला. टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, सवलती धरणारी जुनी आणि बहुतेक सवलती न धरणारी नवी; त्यातल्या नव्या पद्धतीत आता बारा लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला टॅक्सच नाही. माझ्या टेबलावर तर दिवाळी सुरू झाली. ज्यांचा वर्षभर टॅक्स कापला गेला होता त्यांना सगळा परत मिळत होता. पेढ्यांनी फ्रिज भरला. एका बाईनं तर माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, ते कीबोर्डमधून काढताना माझा अर्धा तास गेला.

बहुतेकांचं आटोपल्यावर एका दुपारी मी बाबांचं घेतलं. बँकेनं त्यांचे सोळा हजार सहाशे चाळीस रुपये कापले होते. मला जरा नवल वाटलं, कारण नव्या पद्धतीत एवढ्या पेन्शनवर काही कापायलाच नको होतं. मग कळलं की बाबा दर एप्रिलात बँकेला हातानं पत्र लिहून देत होते, माझा टॅक्स जुन्या पद्धतीनं कापा म्हणून. मला न सांगता. गेल्या वर्षापर्यंत दोन्ही पद्धतींत त्यांना फारसा फरक पडत नव्हता, म्हणून माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

"बाबा, यंदा लॉटरी!" मी ओरडले. वर्षानुवर्षं लोकांना जे म्हणू नका सांगत आले तेच माझ्या तोंडून निघालं. "तुमचा टॅक्स शून्य. सोळा हजार सहाशे चाळीस परत येतात."

ते खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली आला. "परत?"

"हो. सगळे."

"अन् भराचे किती?"

"काहीच नाही. शून्य."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं प्रेशर कमी झालं. मी पाणी दिलं. ते प्यायले, ग्लास दोन्ही हातांत धरून बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "जुनी पद्धत अजून हाय ना?"

"आहे. फॉर्ममध्ये विचारतात, कुठली हवी."

"मंग त्याच्यात किती भरा लागन?"

मी तिरीमिरीत हिशेब करून दाखवला. जुन्या पद्धतीत परत तर काही नाहीच, वर ठेवींचं व्याज यंदा वाढल्यामुळे आणखी चौदा हजार पाचशे साठ भरायचे. म्हणजे सगळे मिळून एकतीस हजार दोनशेचा खड्डा. हा आकडा ऐकून कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. बाबा म्हणाले, "मंग जुन्यातच भर."

आता माझा स्वभाव कसा आहे ते मी सांगितलंच आहे. मी लॅपटॉप बंद केला आणि बोलायला लागले. लोक टॅक्स वाचवायला माझे पाय धरतात आणि माझा बाप मला वाचलेला टॅक्स भरायला सांगतो. एवढा पैसा वर आला असेल तर विहाराच्या पाण्याच्या टाकीला द्या, कोणा पोरीची फी भरा, पण ज्यानं मागितलाच नाही त्याच्या दारात नेऊन ओतायचा हा कसला हट्ट? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो नाहीच. "काऊन, बाबा? मले फक्त एवढं सांगा, काऊन?" रागावले की माझी शाळा-कॉलेजातली भाषा गळून पडते.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "बस," म्हणाले. "सांगतो."

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. विम्याचा हप्ता धरायचा राहिला म्हणून कचेरीनं त्यांच्या पगारातून जास्तीचा टॅक्स कापला होता. त्यांनी रिटर्न भरलं आणि रिफंड मंजूर झाला. तेव्हा रिफंड खात्यात येत नसे, कागद यायचा, रजिस्टर पोस्टानं, आणि बाबांनी पत्ता कचेरीचा दिला होता. टपाल उघडणारा कारकून बाबांच्याच वयाचा, बाबांबरोबरच लागलेला.

"त्यायनं लिफाफा पाह्यला," बाबा म्हणाले. "वर धरला. अन् साऱ्या हॉलले ऐकू जाईन असं म्हणे, 'या जावईबापू, सासऱ्यानं आहेर धाडला!' सारे हासले."

आम्ही बौद्ध. माझे आजोबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हा आठ-नऊ वर्षांचे बाबा त्यांचं बोट धरून गेले होते. बाबा वसतिगृहात राहून सरकारी शिष्यवृत्तीवर शिकले आणि राखीव जागेवर नोकरीला लागले. अशा माणसांना आपल्याकडे 'सरकारचे जावई' म्हणतात. ज्याला हा शब्द कधी चिकटला नाही त्याला तो थट्टेचा वाटतो. मलाही कॉलेजात एकीनं तो ऐकवला होता. मी तिच्या अंगावर वरणाचा डबा रिकामा केला होता आणि प्राचार्यांसमोर माफी मागायलाही नकार दिला होता. त्यामुळे बाबांनी काय केलं असेल याची मला उत्सुकता होती.

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"मी बी हासलो."

मी लॅपटॉप बाजूला सरकवला.

"थेच लागते अजून," ते म्हणाले. "त्यायचं बोलणं नाई. माह्यं हासणं."

त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं की या खिडकीतून आता काही घ्यायचं नाही, द्यायचंच. पगारातून कापलेला टॅक्स त्यांच्या हिशेबी देण्यात जमा नव्हता. "थो तं साऱ्याईचाच कापतात," म्हणाले. "कापलेलं थे दिलेलं नसते बाई. आपल्या पायानं जाऊन, आपल्या हातानं, रांगेत उभं राहून देल्लं, थे देल्लं. कोणी म्हणो मंग जावई. जावई काई खिडकीवर पैसे भराले जात नाई."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. विम्याच्या पावत्यांवरून मी या माणसाला काय काय बोलले होते! डोळे पुसून विचारलं, "कोण होता तो?"

बाबांनी पेपर उचलला. "जाऊ दे."

"बाबा."

"सिंदी मेघेचे तुहे काका."

मी टेबलाची कड धरली. सिंदी मेघेचे काका म्हणजे बाबांचे पन्नास वर्षांचे दोस्त. सकाळी दोघं बरोबर फिरायला जातात. आई गेली तेव्हा पहिला डबा त्यांच्या घरून आला होता, आणि दहा दिवस येत राहिला. आणि गेली पंधरा वर्षं दर जुलैत ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून विचारत आले होते, "किती येईन परत, बाई?" एकेक पावती शोधून शोधून मी दरवर्षी त्यांचा रिफंड काढून दिला होता. कधी तीन हजार, कधी पाच. बाबा त्या वेळी खिडकीजवळ पेपर वाचत बसलेले असत.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय म्हणणार. मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि म्हटलं, "ठीक आहे. जुन्या पद्धतीनं भरू." चौदा हजार पाचशे साठचं चलान तयार केलं, छापलं आणि त्यांच्या हातात दिलं. सोमवारी बँकेत जायचं ठरलं. शर्ट इस्त्रीला गेला.

आणि रविवारी काका आले.

केळझरच्या गणपतीला जाऊन आले होते. प्रसादाचा नारळ टेबलावर ठेवला, फॉर्म सोळा ठेवला, बाबांना "काय भाऊ" म्हणाले आणि खुर्चीत रेलून बसले. "यंदा तं बारा लाखाची माफी हाय म्हणते. आता तं साराच परत येईन माह्या. कर बाई हिशेब."

मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या जिभेवर पन्नास वर्षांपूर्वीचा लिफाफा होता. बाबांनी पेपरवरून माझ्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं. मी मान खाली घालून कामाला लागले.

नियमाप्रमाणे विचारलं, "पेन्शन सोडून दुसरं काही उत्पन्न? जमीन, घर काही विकलं?"

"थो सिंदीतला कोपऱ्याचा प्लॉट विकला ना फेब्रुवारीत. पन त्याचं काय? थो घरचाच व्हता."

माझे हात थांबले. प्लॉट विकून झालेल्या नफ्याचा टॅक्स वेगळा असतो. बारा लाखांची माफी त्याला लागत नाही. मी कागद मागवले, त्यांचा मुलगा मोबाइलवर पाठवत गेला. दोन्ही रीतींनी गणित केलं, जी स्वस्त पडेल ती धरली. माझ्या टेबलावर बसलेल्या माणसाचा एक रुपया मी जास्त जाऊ देत नाही, मग तो कोणीही असो. तरीही आकडा एक लाख अडतीस हजारांवर गेला.

"काका, यंदा परत काही नाही. भरावे लागतील. एक लाख अडतीस हजार."

खोटं कशाला बोलू, हे सांगताना मला गुदगुल्या झाल्या. साधारण तीन सेकंद. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि त्या आपोआप थांबल्या. काका एकदम म्हातारे दिसायला लागले.

"भराचे? मी?" ते बाबांकडे वळले. "भाऊ, म्या कदी भरले नाई हो. मले तं माहीतच नाई कुठं भरतात. नोटीस येईन काय? घरी येतीन काय कोणी?" मग स्वतःशीच हिशेब करायला लागले. प्लॉटचे पैसे उरले किती? निम्मे मुलाच्या घराला दिले. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावलं, सोन्याची अंगठी केली, पोरीला साडी, व्याह्यांना कपडे. "जावयाचं काय," काका कळवळून म्हणाले, "त्यायले घ्याचंच माहीत राह्यते. दर वेळी आहेर कराचा अन् हात जोडाचे."

मी चमकून बाबांकडे पाहिलं. काकांच्या मात्र गावीही नव्हतं.

बाबांनी पेपरची नीट घडी घातली. उठले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. आपल्या वयाच्या लोकायले आधी भराची सक्ती नसते. आता भरलं की झालं, काई होत नाई. उद्या चला माह्यासंगं. चेकबुक आणजा, एवढी रोख नाई घेत थे. अन् चष्मा इसरू नका."

त्यांच्या आवाजात मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता तो अधीक्षक होता.

सोमवारी सकाळी मी दोघांना गाडीतून बँकेत नेलं. बाबा पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन, फोल्डरमध्ये स्वतःचं चलान आणि मी रात्री छापलेलं काकांचं. काका घरच्या चपलांवरच आले होते. रांगेत उभं राहण्याआधी बाबांनी त्यांना बाकावर बसवलं आणि चेक लिहायला लावला. काकांचा पहिला चेक बिघडला. आकड्यात अडतीसच्या जागी त्र्याऐंशी लिहिले. बाबांनी त्यावर आडव्या रेघा मारल्या, दुसरा समोर ठेवला आणि म्हणाले, "सावकाश. पह्यल्या वेळी जड जाते."

"तुम्ही तं दरवर्षी भरता म्हणे," काका चेकवर वाकून म्हणाले. "बाई सांगत व्हती मांगं. सूट मिळते त्याचे बी भरता. कायले भाऊ?"

मी दोन पावलं मागे उभी होते. वाटलं, बाबा आता हसण्यावारी नेतील. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं.

"तुमच्या एका शब्दापायी," बाबा म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं, लिफाफा, हॉल, आहेर. आवाज न चढवता, एखाद्या नव्या कारकुनाला फाइल समजावून सांगावी तसं.

काकांचं पेन थांबलं. "म्या म्हटलं असं?"

"हो."

"मले आठवत नाई, भाऊ."

"मले आठवते."

काकांनी चेकवरचा आकडा पुरा केला, या वेळी नीट लिहिला, खाली सही केली आणि दोघं खिडकीवर गेले. काउंटरवरची बाई बाबांना ओळखते. तिनं काकांचं चलान घेतलं, चेक पाहिला, शिक्का मारला. काकांनी शिक्क्याची प्रत दोन्ही हातांनी घेतली आणि कुठे ठेवावी ते कळेना म्हणून तशीच धरून उभे राहिले. बाबांनी आपल्या फोल्डरमधला एक प्लास्टिकचा कप्पा काढून त्यांना दिला.

"आजोबा, तुमचं?" बाईनं विचारलं.

बाबांनी आपलं चलान बाहेर काढलं होतं. त्यांनी ते पाहिलं. मग काकांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या शिक्क्याकडे पाहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चलानाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"यंदा नाई," म्हणाले.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, एक मिनिट थांबा, आणि रस्ता ओलांडून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात गोरसपाकाचा डबा होता. पाव किलोचा नाही, किलोचा. तो त्यांनी बाबांच्या हातात दिला. त्यांचे डोळे भरले होते. "माफ करजा" एवढंच म्हणाले, तेही अर्धवट. बाबांनी तिथेच डबा उघडला, एक त्यांच्या हातावर ठेवला, एक माझ्या, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही तिघांनी खाल्ला.

घरी आल्यावर बाबा टेबलाशी बसले. "टाक बाई माह्यं रिटर्न. नव्या पद्धतीनं."

"नक्की?"

"ज्याले दाखवाचं व्हतं त्यानं पाह्यलं आता," ते म्हणाले. "अन् थे विम्याची पावती कपाटात हाय, धुतलेल्या धोतराखाली. कामाची असंन तं घे." नव्या पद्धतीत ती पावती काही कामाची नव्हती. तरी मी ती काढून आणली आणि त्यांच्यासमोर फाइलला लावली. न भरलेलं चलान पंधरा दिवसांनी आपोआप रद्द झालं.

तीन आठवड्यांनी त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. मी म्हटलं, बघा, आले. त्यांचा मोबाइलवर विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरा शर्ट घातला आणि मला घेऊन बँकेत गेले, पासबुक भरून घ्यायला. मशीननं ओळ छापली. बाबांनी चष्मा वर केला आणि बोट ठेवून वाचलं. रक्कम सोळा हजार सहाशे चाळीसपेक्षा थोडी जास्त होती.

"हे वरचे कायचे?"

"व्याज आहे, बाबा. रिफंड द्यायला वेळ लागला की सरकार व्याज देतं."

ते पासबुक धरून तसेच उभे राहिले. मग काउंटरकडे वळले. त्या बाईनं काही विचारलं नव्हतं, ती दुसऱ्या कोणाचा चेक पाहत होती. तरी तिच्या काचेवर त्यांनी बोटानं टकटक केलं, तिनं मान वर करेपर्यंत थांबले आणि पासबुक तिच्यासमोर धरलं.

"माह्येच होते," ते म्हणाले. "सरकारनं वापरले वर्षभर. व्याजासकट परत केले."